संगतीची पारख

आपल्या शेतकरी बांधवांच्या तोंडी एक म्हण नेहमी असते : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण बोलताना आपण बहुधा हसतो व पुढे जातो. परंतु तीत संगतीविषयी जे सांगितले आहे ते नीट उकलून पाहण्याजोगे आहे. एका बैलाचा रंग दुसऱ्याला लागत नाही. पवळ्या तांबूस जन्मला तो तांबूसच राहतो. लागते ती खोड. शेजारचा बैल औत ओढता ओढता मध्येच बसत असेल तर हाही बसू लागतो. शेजारचा दावे तोडत असेल तर हाही तोडू पाहतो. आणि हे एका दिवसात घडत नाही. धन्याच्या ध्यानातही येऊ नये इतक्या हळूहळू ते घडत जाते.

तथापि बैलात व माणसात एक मोठा भेद आहे. पवळ्याला ढवळ्याशेजारी धन्याने बांधले. त्याला कोणी विचारले नव्हते. मनुष्य मात्र आपले दावे आपल्याच हाती घेऊन जातो व खुंटाही आपणच निवडतो. आईबाप, भावंडे, शेजारीपाजारी व गाव ही आपल्याला देवाने दिलेली असतात. मित्र आपण करतो. म्हणून शेजाऱ्याविषयी व मित्राविषयी आपल्याला द्यावा लागणारा हिशेब अगदी सारखा नसेल, असे आम्हांस वाटते. शेजाऱ्याविषयी देव विचारील, 'तू त्याच्यावर प्रीती केलीस काय?' मित्राविषयी तो हा प्रश्न तर विचारीलच. पण आणखीही एक विचारील, 'तू त्याचे का ऐकलेस?'

ह्या दुसऱ्या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

आपल्या मंडळ्यांत ह्या बाबतीत दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, वाईट माणसाची सावलीही नको. जो पितो, जुगार खेळतो किंवा उपासनेस येत नाही, त्याच्या ओट्यावर बसू नये व त्याला आपल्या ओट्यावर बसू देऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो की, हे परुशांचे धोरण झाले. आपला प्रभू तर जकातदारांच्या पंक्तीस बसला, लेवीच्या घरी जेवला, यरीहोस जक्कयाच्या घरी उतरला. मग आपण कोण मोठे सोवळे लागून गेलो? दोन्ही पक्षांची माणसे प्रामाणिक असतात व दोघांच्याही हाती पवित्र शास्त्र असते. त्यामुळे तरुण माणूस गोंधळात पडतो. घरी वडील एक सांगतात, बाहेर सोबती दुसरे सांगतात, आणि जे सोयीचे असेल ते तो उचलतो.

आमच्या मते दोन्ही पक्षांनी एका गोष्टीकडे दुर्लक्ष केले आहे. प्रभू जक्कयाच्या घरी गेला, हे खरे. परंतु त्या घरात बदलला कोण? जेवण संपण्यापूर्वी जक्कय उभा राहिला व आपली अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. जकात कशी वसूल करावी ह्याविषयी प्रभूने जक्कयाचा सल्ला घेतला नाही. तो त्याच्या ताटाशी बसला, पण त्याच्या मताने चालला नाही. ज्यांच्यावर प्रीती करावयाची ते सर्व, आणि ज्यांच्या सल्ल्याने चालावयाचे ते थोडे, हा भेद प्रभूच्या सर्व वागण्यात दिसून येतो. पहिला पक्ष पंक्तीलाच बंदी घालतो व प्रीतीला मुकतो. दुसरा पक्ष पंक्तीबरोबर सल्लाही स्वीकारतो व स्वतःला मुकतो.

तेव्हा मित्राची निवड म्हणजे कोणाशी बोलावे व कोणाशी बोलू नये ह्याची यादी करणे नव्हे. निर्णयाची घटका आली म्हणजे ज्याच्याकडे आपले पाय आपोआप वळतात तो आपला मित्र. आणि ती घटका येण्यापूर्वीच त्याची निवड झालेली असते.

शलमोनाचा पुत्र रहबाम ह्याची गोष्ट आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे. बाप वारल्यावर तो शखेमास गेला. तेथे सर्व इस्राएल लोक जमले होते. त्यांचे मागणे साधे होते : बापाने लादलेले जू जड झाले आहे, ते हलके करावे, म्हणजे आम्ही तुमची सेवा करू. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. प्रथम त्याने बापाच्या दरबारातील वृद्ध मंडळींस विचारले. त्यांनी गोड बोलण्याचा व लोकांचे ऐकण्याचा सल्ला दिला. नंतर त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या सोबत्यांस विचारले. त्यांनी जू अधिक जड करण्यास सांगितले. राजाने त्यांचे ऐकले, आणि एका दिवसात दहा वंश हातचे गेले.

ही गोष्ट सांगताना तरुणांनी वृद्धांचे ऐकावे, एवढाच बोध बहुधा काढला जातो. परंतु पहिल्या राजांच्या पुस्तकात दोन बारकावे आहेत ते पाहावे. पहिला असा की, गादीवर आला तेव्हा रहबामाचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. म्हणजे त्याच्याबरोबर वाढलेले सोबती काही मिसरूड न फुटलेली पोरे नव्हती. चाळीस वर्षांच्या सहवासात ज्यांनी राजपुत्राला कधी 'नाही' म्हटले नसेल, अशी ती माणसे असावीत. दुसरा बारकावा ह्याहून महत्त्वाचा आहे. वृद्धांचा सल्ला रहबामाने आधी टाकून दिला व मग सोबत्यांस विचारले, असा तेथे क्रम आहे. त्याला सल्ला नको होता. आपल्या मनात जे होते ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचे होते. आणि त्यासाठी लागणारी तोंडे त्याने लहानपणापासून जवळ बाळगली होती.

आपण राजे नाही, परंतु हे आपणही करतो. जो आपल्याला हवे ते बोलेल त्याच्याकडे आपण जातो, आणि परत येऊन घरी सांगतो की, 'मी चार लोकांस विचारले.' चार लोकांस विचारले हे खरे असते. परंतु ते चारही जण एकाच तोंडाचे असतात. पुढे काय झाले तेही ध्यानात ठेवावे. राजाने वेठीच्या कामावरील आपला अधिकारी पाठविला, त्याला लोकांनी दगडमार करून ठार केले, व रहबाम घाईघाईने रथात चढून यरुशलेमास पळाला. ज्या सोबत्यांनी सल्ला दिला होता त्यांचा त्या वृत्तांतात पुन्हा उल्लेख नाही.

ह्याहून भयंकर असा एक मित्र शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. दावीद राजाचा ज्येष्ठ पुत्र अम्नोन ह्याच्या मनात आपली सावत्र बहीण तामार हिच्याविषयी पाप शिरले होते. तो दिवसेंदिवस वाळत चालला होता, परंतु पुढे काही करण्याचे धैर्य त्याला नव्हते. तोवर ते पाप त्याच्या मनातच होते. कदाचित तेथेच मेलेही असते. अशा वेळी त्याचा मित्र योनादाब त्याला भेटला. योनादाब हा दावीदाच्या भावाचा मुलगा, म्हणजे अम्नोनाचा चुलतभाऊ, व मोठा धूर्त. त्याने आपुलकीने विचारले, की तू असा का सुकत चालला आहेस? कारण कळल्यावर त्याने मित्राला सावध केले नाही. दुखण्याचे सोंग कसे घ्यावे व राजाकडून तामारेला कसे बोलावून घ्यावे, ह्याची युक्ती त्याने सांगितली. तामार त्या घरात निरपराध गेली व तिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. तिचा भाऊ अबशालोम दोन वर्षे गप्प राहिला व मग त्याने अम्नोनाचा वध करविला.

आता त्या दिवशी योनादाब कोठे होता ते पाहावे. सर्व राजपुत्र मारले गेले अशी आवई राजवाड्यात आली, राजाने कपडे फाडले व तो जमिनीवर पडला. तेव्हा त्याच्याजवळ उभा राहून शांतपणे समजूत घालणारा मनुष्य तोच योनादाब होता. सर्व नव्हे, फक्त अम्नोन मेला आहे, असे त्याने राजास सांगितले; ज्या दिवशी तामारेवर अत्याचार झाला त्याच दिवसापासून अबशालोमाने हे ठरविले होते, हेही त्यानेच सांगितले. सारे त्याला ठाऊक होते. मित्र मेला, मित्राची बहीण उद्ध्वस्त झाली, राजाचे घर फुटले. आणि सल्ला देणारा अंगाला ओरखडाही न लागता कोरडा उभा राहिला.

आमच्या वाचकांनी योनादाबाची बोलण्याची रीत ध्यानात ठेवावी, कारण तो शत्रूसारखा बोलत नाही. तो प्रकृतीची विचारपूस करतो. इतर कोणाच्या ध्यानात न आलेले आपले दुःख त्याच्या ध्यानात येते. वाईट मित्र आपला तिरस्कार करतो अशी आपली समजूत असते, आणि म्हणून जो प्रेमाने बोलतो तो चांगलाच असला पाहिजे असे आपण धरून चालतो. परंतु विचारपूस करणारा प्रत्येक जण हितचिंतक नव्हे. दुखणे ओळखणे निराळे व त्यावर औषध देणे निराळे. दुखणे ओळखून विष देणाराही असतो.

आता राजवाड्यातून आपल्या गावात येऊ. एका गृहस्थाच्या मुलीचे लग्न ठरते. घरात चार पैसे आहेत, त्यांत साध्या रीतीने मंगलकार्य पार पडू शकते. पाळकही तेच सुचवितात व बायकोही तेच म्हणते. इतक्यात सोबती जमतात. 'लग्न काय रोज रोज होते?' 'पाहुणे काय म्हणतील?' 'तुझ्या भावकीने एवढा मंडप घातला आणि तू मागे राहणार?' 'पैशाची काय काळजी, आम्ही आहोत ना!' हे सर्व शब्द प्रेमाचे आहेत. त्या प्रेमाच्या भरात मंडप वाढतो, वाजंत्री वाढते, पंगती वाढतात व सावकाराच्या किंवा पतपेढीच्या कागदावर अंगठा उठतो. लग्न एका दिवसात होते. हप्ते वर्षानुवर्षे चालतात. पहिला हप्ता चुकला म्हणजे 'आम्ही आहोत ना' म्हणणारे दिसेनासे होतात. दुसरा चुकला म्हणजे शेताचा तुकडा जातो. आणि धाकट्या मुलाची शाळा सुटते. ज्या दोन माणसांनी साधे लग्न करावयास सांगितले होते, त्यांच्यापैकी बायको मजुरीला जाते व पाळक प्रार्थनेला येतात. मित्र कोण होते हे त्या वेळी कळते. परंतु तोवर जमीन गेलेली असते.

बायकांच्या संगतीतही हेच आहे. पाणवठ्यावर एखादी शेजारीण रोज भेटते, डोक्यावरचा हंडा उतरवून घेते, 'सुकलीस ग बाई' म्हणते, व सासूने काल काय म्हटले ते हळूच सुनेच्या कानी घालते. सून सांगते ते सासूच्या कानी जाते. दोघींनाही ती आपली एकटीचीच मैत्रीण वाटते. वर्षाच्या आत एका घराच्या दोन चुली होतात, आणि ती शेजारीण दोन्ही चुलींवरचा चहा पिते. संगत आता पारावर व पाणवठ्यावरच भेटते असेही नाही. खिशातल्या फोनमधून ती रात्री अंथरुणापर्यंत येते. परंतु जागा बदलली म्हणून पारख बदलत नाही.

कोणी म्हणेल, 'मी पक्का आहे. ते काहीही करोत, माझ्यावर परिणाम होत नाही.' अशा पक्क्या माणसाची एक प्राचीन साक्ष येथे सांगितली पाहिजे. इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेत जन्मलेला संत ऑगस्टिन आपल्या आत्मनिवेदनात लिहितो की, सोळा वर्षांचा असताना त्याने सोबत्यांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, फळेही काही विशेष नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. पुढे अनेक वर्षे त्याने ह्या क्षुल्लक चोरीचा विचार केला व त्याला एक गोष्ट निश्चित वाटली : एकटा असतो तर आपण ती केली नसती. सोबत्यांत निर्लज्ज नसण्याचीच लाज वाटते, हे त्याने त्यात ओळखले.

त्याच ग्रंथात अलिपियस नावाच्या त्याच्या मित्राची हकीकत आहे. अलिपियस कायद्याच्या अभ्यासासाठी रोम शहरी गेला होता. तेथे माणसांना माणसांशी मरेपर्यंत लढविण्याचे खेळ चालत. त्यांचा त्याला मनापासून वीट होता. एके दिवशी सोबत्यांनी त्याला हसत खेळत ओढून नेले. तो म्हणाला, शरीर नेलेत तरी मन व डोळे नेऊ शकणार नाही. आणि खरोखरच तो डोळे घट्ट मिटून बसला. परंतु कान त्याला मिटता आले नाहीत. कोणी एक लढवय्या पडला, हजारो लोक ओरडले, काय झाले ते पाहावे म्हणून त्याने डोळे उघडले, आणि मग ते मिटले नाहीत. तो त्या खेळाचा नादी झाला. इतकेच नव्हे, पुढे तोच इतरांना ओढून नेऊ लागला. त्याचे मत चुकीचे नव्हते, निश्चयही खोटा नव्हता. जेथे बसावयाचे नव्हते तेथे तो आपल्या निश्चयाच्या भरवशावर बसला, एवढेच.

तथापि अलिपियसाची गोष्ट तेथे संपत नाही, आणि आम्ही ती ह्यासाठीच निवडली आहे. पुढे मिलान शहरी तो ऑगस्टिनाच्या सहवासात राहिला. ३८६ साली एका बागेत ऑगस्टिनाचे मन देवाकडे वळले, तेव्हा तो जवळच होता. हातातला शास्त्रलेख ऑगस्टिनाने त्याला दाखविला. अलिपियसाने त्याच्या पुढची ओळ वाचली व ती स्वतःला लावून घेतली. ३८७ च्या ईस्टरला दोघांचा एकाच वेळी बाप्तिस्मा झाला. जो मनुष्य एका संगतीने बुडाला तोच दुसऱ्या संगतीने वर आला. त्याचा स्वभाव तोच होता; सोबत्याच्या ओढीने जाणारा. अशा मऊ स्वभावाची माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना 'दगडासारखे घट्ट हो' असा उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही. 'कोणाच्या ओढीत राहावयाचे ते ठरव' असे सांगावे.

मग पारख कोणती? आम्हांस तीन सुचतात, व त्या वर सांगितलेल्या गोष्टींतूनच निघतात. पहिली ही की, ह्या मनुष्याने आजवर आपल्याला तोंडावर कधी 'नाही' म्हटले आहे काय? ज्याने वर्षानुवर्षांत एकदाही आपली चूक दाखविली नाही, त्याला एक तर आपली चूक दिसत नाही किंवा आपल्या चुकीत त्याचा फायदा आहे. दुसरी ही की, त्याने दिलेला सल्ला आपण घरी, बायकोमुलांसमोर किंवा आईबापांसमोर, मोठ्याने बोलून दाखवू शकतो काय? अम्नोनाला योनादाबाची युक्ती बापासमोर बोलता आली नसती. ज्या मैत्रीत 'घरी सांगू नकोस' हे शब्द वारंवार येतात, तिच्यापासून दूर व्हावे. तिसरी ही की, त्याच्या सल्ल्याचा परिणाम वाईट झाला तर तो आपल्याबरोबर भार उचलील, की राजाजवळ कोरडा उभा राहील? ही तिसरी पारख संकट येण्यापूर्वीही करता येते. पूर्वी ज्यांनी त्याचे ऐकले त्यांचे काय झाले व तेव्हा तो कोठे होता, हे गावात सर्वांना ठाऊक असते.

ह्या पारखीत मनुष्य शिकलेला आहे की अडाणी, श्रीमंत आहे की मजूर, आपल्या मंडळीतला आहे की बाहेरचा, असे प्रश्न आम्ही मुद्दाम घातले नाहीत. मंडळीच्या पुस्तकात नाव आहे एवढ्याने कोणी सन्मित्र होत नाही. योनादाब तर दावीदाच्याच कुळातला होता. उलट मंडळीबाहेरची मैत्रीही किती निर्मळ असू शकते ह्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे अहमदनगरच्या त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे महाराष्ट्राला बालकवी ह्या नावाने ठाऊक असलेला तरुण कवी, घरच्या मुलासारखा राहिला. तो ख्रिस्ती नव्हता. तरी टिळक व लक्ष्मीबाई ह्यांनी त्याला माया लावली. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी साताऱ्यास जो 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही बंधू म्हणून जागा होती. ह्या थोर पुरुषाने मैत्रीला कुंपण घातले नाही. परंतु कोणाच्या मागे चालावयाचे ह्याविषयी त्याच्या मनात संदेह नव्हता.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे येऊ. सर्वांनीच जर चांगले मित्र निवडावयाचे ठरविले, तर पडलेल्याचा मित्र कोण होणार? दारूत बुडालेल्याने कोठे जावे? तुरुंगातून सुटून आलेल्याच्या ओट्यावर कोणी बसावे? हा आक्षेप खरा आहे, व त्याला बगल देणारा उपदेश ख्रिस्ती उपदेश नव्हे. आपल्याला लाभ होईल अशीच माणसे शोधीत फिरणारा मनुष्य मैत्री करीत नाही. तो बाजारात बैलाचे दात पाहत फिरतो.

प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाचे चरित्र पाहावे. शौल यरुशलेमास आला तेव्हा शिष्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. कालपर्यंत तो त्यांचा छळ करीत होता. बर्णबाने त्याला हाती धरून प्रेषितांकडे नेले. पुढे तार्सास जाऊन त्याने त्याला शोधून काढले व अंत्युखियास आणले, आणि तेथे दोघांनी वर्षभर मंडळीत शिक्षण दिले. नंतर योहान मार्क ह्या तरुणाने प्रवासात अर्ध्यावर साथ सोडली. पौलाने त्याला पुन्हा बरोबर घेण्याचे नाकारले. ह्या कारणाने दोघा थोर मित्रांत तीव्र वाद झाला व ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. आणि अनेक वर्षांनंतर पौलानेच तीमथ्याला लिहिले की, मार्काला घेऊन ये, तो सेवेस उपयोगी आहे. बर्णबाने दोन वेळा असा मित्र निवडला की, ज्याला इतर कोणी निवडत नव्हते. आणि त्या दोघांचेही लेख आज आपल्या नव्या करारात आहेत.

तेव्हा पडलेल्याशी मैत्री करावीच. परंतु ती कशी करावी हे कफर्णहूमच्या त्या चार जणांनी दाखविले आहे, ज्यांनी पक्षघाती मनुष्याला छप्पर उस्तरून प्रभूपुढे सोडले. ते चौघे होते. एकाने खाट उचलण्याचा प्रयत्न केला असता तर खाटही पडली असती व तोही. चिखलात रुतलेल्याला ओढणाराचा एक पाय तरी कोरड्या जमिनीवर पाहिजे, आणि त्याचा दुसरा हात कोणीतरी धरलेला पाहिजे. जो तरुण पिणाऱ्या मित्राला सोडविण्यासाठी रोज एकटाच दारूच्या दुकानापर्यंत जातो, त्याचा हेतू चांगला असला तरी त्याने अलिपियसाची आठवण ठेवावी. त्याने मित्राला आपल्या घरी बोलवावे, मंडळीतील आणखी दोघांना बरोबर घ्यावे, व चौघांनी मिळून खाट उचलावी. प्रीती त्याच्यावर करावी. सल्ला मात्र त्याचा घेऊ नये.

आणि मित्र मिळाल्यावर मैत्री टिकवावीही लागते. १८०० साली बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तिघे एकत्र राहू लागले. ह्याच केरीसाहेबांनी पुढे, १८०५ साली, मराठी भाषेचे व्याकरण छापले. त्या तिघांनी व त्यांच्या कुटुंबांनी पहिल्याच महिन्यात एक नियम केला : दर शनिवारी संध्याकाळी आठवड्यातील मतभेद मिटवावयाचे व एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा द्यावयाचे. थोर माणसांनाही मतभेद असतात हे त्यांनी मान्य केले होते, म्हणून त्यांनी त्यांसाठी वार नेमून ठेवला. आपल्याकडे मित्रांतील राग वर्षानुवर्षे पोटात राहतो व एखाद्या लग्नात किंवा निवडणुकीत बाहेर पडतो. शनिवारचा हा नियम कोणत्याही गावात, कोणत्याही खर्चावाचून, पाळता येण्याजोगा आहे.

वाचक बंधुभगिनींनो, येथवर आपण इतरांची पारख केली. शेवटी तोच काटा आपल्याकडे वळविला पाहिजे. मला कोणाची संगत लाभते हे जितके महत्त्वाचे, तितकेच माझी संगत कोणाला कशी लागते हेही आहे. गोठ्यातल्या प्रत्येक पवळ्याच्या शेजारी एक ढवळ्या असतो, व तो बहुधा स्वतःला पवळ्याच समजत असतो. आपल्या सल्ल्याने कोणाचे शेत गेले काय? आपल्या शब्दाने कोणाच्या दोन चुली झाल्या काय? आपल्या हसण्यामुळे कोणा लाजऱ्या मुलाने पहिला पेला उचलला काय?

योनाथान हा राजपुत्र होता. दावीद जगला तर आपली गादी जाणार हे त्याला कळत होते. तरी तो रानात लपलेल्या दावीदाकडे गेला व देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करून परत आला. तो रिकाम्या हाताने परतला, कारण तो घेण्यासाठी गेलाच नव्हता. मैत्रीची ह्याहून मोठी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही : ज्याच्या भेटीनंतर मित्राचा हात देवाच्या ठायी बळकट होतो, तो सन्मित्र.

ह्या आठवड्यात प्रत्येकाने एकांतात बसून निर्णयाच्या वेळी आपले पाय जिकडे वळतात ती दोन-तीन नावे आठवावीत, व वर सांगितलेल्या तीन पारखी त्यांस लावून पाहाव्यात. जो पारखीस उतरेल त्याच्यासाठी देवाचे आभार मानावेत. जो उतरणार नाही त्याला टाकू नये. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याच्या संकटात धावून जावे, पण त्याच्या हाती आपले दावे देऊ नये. आणि गावात ज्याच्या ओट्यावर आज कोणीच बसत नाही, त्याच्याकडे येत्या रविवारी उपासनेनंतर दोघा-तिघांनी मिळून जावे. जो पाप्यांचा मित्र म्हणून हिणविला गेला व तरी ज्याने पित्यावाचून कोणाच्या मताने पाऊल टाकले नाही, तो प्रभू आपणां सर्वांस चांगले मित्र देवो, व त्याहून अधिक हे की, आपल्याला चांगले मित्र करो.